पायऱ्या मोजणारी माणसं

पुढच्या गाडीच्या नंबरप्लेटवरचे चार आकडे मनात न मिळवता सिग्नलला उभा राहणारा माणूस दुर्मीळ आहे. बेरीज नऊ आली की त्याला उगाचच बरं वाटतं. आठ आली की तो स्वतःची गाडी जरा मागे ठेवतो, कारण आठ म्हणजे शनी, आणि शनी ब्रेक कधी दाबेल सांगता येत नाही. आरटीओत आवडीच्या नंबरासाठी लोक रीतसर जादा पैसे भरतात. त्या नंबराने गाडी लिटरला दोन किलोमीटर जास्त जाते असं कोणी म्हणत नाही, पण गाडीत बसताना छाती दोन इंच जास्त फुगते, यावर एकमत आहे.

आमच्या शेजारचे काका या सगळ्या मंडळींना बालवाडीत बसवतात. बेरीज हे त्यांच्या मते आळशी माणसाचं काम. ‘बेरीज एकदा केली की संपली. आकडा चालवता आला पाहिजे,’ असं ते म्हणतात. काकांचं उभं आयुष्य बँकेत गेलं. तिथे आकडा जागचा हलला की चौकशी लागायची. निवृत्तीनंतर त्यांनी त्याचा सूड घ्यायला सुरुवात केली आहे. दिसेल त्या आकड्याला ते चालवतात, दमवतात आणि मुक्कामी पोचायला त्याला किती पायऱ्या लागल्या ते दुधाच्या वहीत मागच्या बाजूने लिहून ठेवतात. पायऱ्यांची संख्या मूळ निघाली, म्हणजे २, ३, ५, ७, ११ अशी, १ आणि स्वतः सोडून कोणाच्याही भागाकाराला दाद न देणारी, तर तिला लाल शाईचा टिळा लागतो. वहीची मागची बाजू आता पुढच्या बाजूला येऊन भिडली आहे, आणि काकूंच्या म्हणण्याप्रमाणे दुधाचा हिशेब दिवाळीपासून लागलेला नाही.

खेळ मात्र काकांचा नव्हे. तो देवळालीच्या एका शाळामास्तरांचा. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर १९०५ साली डहाणूला जन्मले, पुण्यात फर्ग्युसनमध्ये शिकले, १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक मिळालं आणि १९३० पासून १९६२ पर्यंत त्यांनी देवळालीच्या शाळेत शिकवलं. पदव्युत्तर पदवी नाही, विद्यापीठाची खुर्ची नाही. होता तो आकड्यांचा नाद. रेल्वेचं स्टेशन दिसलं तरी त्यांना संख्या सुचायच्या. १, १२१, १२३२१ या घराण्याच्या संख्यांना त्यांनी ‘डेम्लो’ असं नाव दिलं, ते आजच्या डोंबिवलीच्या स्टेशनावरून. डोंबिवलीच्या फलाटावर उभं राहून आजही माणसाला आकडेच सुचतात, पण ते गाडी किती मिनिटं उशिरा आहे याचे असतात.

कापरेकरांचा सगळ्यात गाजलेला खेळ असा. कोणतीही चार आकडी संख्या घ्या; चारही आकडे सारखे नकोत, एवढीच अट. आकडे मोठ्याकडून लहानाकडे मांडा, मग लहानाकडून मोठ्याकडे, आणि पहिल्या संख्येतून दुसरी वजा करा. जे उत्तर येईल त्याला पुन्हा तेच. स्वातंत्र्याचं साल घेऊ. ९७४१ उणे १४७९, उत्तर ८२६२. ८६२२ उणे २२६८, ६३५४. ६५४३ उणे ३४५६, ३०८७. ८७३० उणे ०३७८, ८३५२. ८५३२ उणे २३५८, ६१७४. आता ६१७४ ला तेच करायला जावं, तर ७६४१ उणे १४६७ म्हणजे पुन्हा ६१७४. आकडा मांडी घालून बसला, उठायचं नाव घेत नाही. १९४७ ला पाच पायऱ्या लागल्या. पाच मूळ आहे. टिळा.

हे फक्त १९४७ चं नशीब नाही. ०००० ते ९९९९ मधल्या चारही आकडे सारखे असलेल्या १० संख्या सोडल्या, तर उरलेल्या ९९९० च्या ९९९० संख्या शेवटी ६१७४ वरच येऊन टेकतात, आणि त्यासाठी एकीलाही सातपेक्षा जास्त पायऱ्या लागत नाहीत. सरकारी कचेरीत कागदाला हे भाग्य लाभलं असतं तर राज्याचं चित्र वेगळं असतं. कापरेकरांनी हा शोध १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत मांडला, पुढे ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’ या नियतकालिकात छापला, आणि १९७५ मध्ये मार्टिन गार्डनरने ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्यांच्याबद्दल लिहिलं. त्यानंतर आपल्याकडच्या बऱ्याच विद्वानांना आठवलं की देवळालीचे कापरेकर म्हणजे आपलेच की!

काकांना मात्र ६१७४ मध्ये फारसा रस नाही. मुक्काम सगळ्यांचा एकच असेल तर त्यात कौतुक कसलं, असं त्यांचं म्हणणं. त्यांचा जीव पायऱ्यांत. नातवाला त्यांनी संगणकावर बसवलं आणि सगळ्या ९९९० संख्यांचा पायऱ्यांचा हिशेब काढून घेतला. ६१७४ स्वतः आधीच मुक्कामी, तिला शून्य पायऱ्या. एका पायरीत पोचणाऱ्या ३८३, दोन पायऱ्यांत ५७६, तीनमध्ये २४००, चारमध्ये १२७२, पाचमध्ये १५१८, सहामध्ये १६५६ आणि सातमध्ये २१८४. तो कागद घेऊन काका रात्री साडेदहाला आमच्या दारात उभे.

‘मूळ पायऱ्यांची बेरीज कर,’ ते म्हणाले. ‘दोन, तीन, पाच, सात.’

मी केली. ६६७८ आली.

‘९९९० पैकी ६६७८! अरे, दोन तृतीयांश! सदुसष्ट टक्के! आपल्या वॉर्डात एवढं मतदान होत नाही. निसर्गाला मूळ संख्या आवडतात याचा आणखी काय पुरावा पाहिजे तुला?’

‘काका, पण पायऱ्या एक ते सात एवढ्याच आहेत. त्यात २, ३, ५, ७ या चार मूळ. मूळ नसलेल्या म्हणाल तर १, ४ आणि ६. बहुमत आधीपासून त्यांचंच आहे.’

‘सातात चार म्हणजे सत्तावन्न टक्के. वरचे दहा टक्के कुठून आले?’

माणूस बँकेत होता हे अशा वेळी लक्षात येतं. वरचे दहा टक्के आले ते मुख्यतः एकट्या ३ च्या पदरातून. तिथे २४०० संख्यांची गर्दी आहे, आणि ३ नेमकी मूळ निघाली. तीच गर्दी ४ वर झाली असती तर काकांनी तो कागद दाखवलाच नसता. पण हे मी बोललो नाही. रात्री साडेदहाला खरं बोलून शेजारधर्म टिकत नाही.

त्या रात्रीनंतर काकांनी सालं हाती घेतली, आणि तिथे मात्र त्यांना घबाड सापडलं. दशकांची सालं लागोपाठ घ्या. १९३० ला ३ पायऱ्या. १९४० ला ३. १९५० ला ७, १९६० ला ७, १९७० ला ७. १९८० ला ३, १९९० ला ३. म्हणजे ३, ३, ७, ७, ७, ३, ३. डावीकडून वाचा, उजवीकडून वाचा, तेच. आणि सगळ्या मूळ! हा शोध काकांनी सोसायटीच्या गच्चीवर कोजागिरीच्या दुधाबरोबर जाहीर केला, आणि तासाभरात त्याचे पिढीवार अर्थ लागले. १९५० ते १९७० मध्ये जन्मलेल्यांना सात पायऱ्या लागतात, म्हणजे आम्ही कष्ट केले, असं ज्येष्ठ नागरिक संघाने ठरवून टाकलं. १९८० आणि ९० वाल्यांना तीनच, म्हणजे यांना सगळं आयतं मिळालं. त्यावर नव्वदच्या सुनेने शांतपणे विचारलं, की १९३० आणि ४० वाल्या आजी-आजोबांनाही तीनच पायऱ्या आहेत, त्यांना काय आयतं मिळालं होतं? रेशनचा तांदूळ? गच्चीवर थोडा वेळ फक्त दूध पिण्याचा आवाज येत होता.

मग कोणीतरी २००० सालाचं गणित मांडलं. त्याला चार पायऱ्या लागल्या. चार मूळ नाही, हे ऐकल्यावर मागच्या रांगेतून ‘तरीच!’ असा उद्गार आला. हल्लीच्या मुलांना वळण नाही, शुद्धलेखन नाही, सकाळी लवकर उठणं नाही, या सगळ्याचं मूळ अखेर सापडलं होतं. कॉलेजातल्या पोराने लगेच २०१० करून दाखवलं. तीन पायऱ्या. म्हणजे धाकटा भाऊ पुन्हा संस्कारी. त्याच घरातला थोरला तेवढा बिघडलेला.

खरी गंमत मात्र त्या गच्चीवर कोणी पाहिली नाही. ३, ३, ७, ७, ७, ३, ३ या ओळीतला एक भाग अस्सल आहे आणि एक भाग निव्वळ योगायोग, आणि नुसतं बघून कोणता कुठला ते सांगता येत नाही. दोन्ही टोकांनी सारखं वाचता येणं अस्सल आहे. कारण हाताशी आहे: १९३० ची पहिली वजाबाकी करा, ९१७१ येते, १९९० ची करा, ९७११ येते. आकडे तेच, जागा बदललेल्या. १९४० चे ९२६१ होतात आणि १९८० चे ९६२१. १९५० चे ९३५१ आणि १९७० चे ९५३१. पहिल्याच पायरीवर या जोड्यांच्या हातात सारखे आकडे पडतात, आणि पुढची मांडणी आकडे उलटसुलट करूनच करायची असल्याने त्यांचा उरलेला रस्ता एकच. मधलं १९६० एकटं. त्यामुळे ओळ दोन्ही बाजूंनी सारखी येणारच होती. तिला दुसरा पर्याय नव्हता.

पण त्या पायऱ्या मूळ असण्याला असं काही कारण नाही. त्या मूळ आल्या, कारण सातपर्यंतच्या जागेत मूळ संख्यांची दाटी आहे. याच ओळीला मागे १९२० जोडून पाहा. चार पायऱ्या येतात. काकांनी १९२० जोडलेलंच नव्हतं. ‘तेव्हाचं कोणी आता सोसायटीत राहत नाही,’ असं त्यांनी त्याचं समर्थन केलं. लोक नमुना शोधतात तेव्हा तो कुठून सुरू करायचा आणि कुठे थांबवायचा हेही तेच ठरवतात. मिरवणूक आपल्या घरावरून नेली की ती आपल्या घरासाठी निघाली असं वाटायला लागतं.

यानंतर जे झालं ते टाळता येण्यासारखं नव्हतं. महाराष्ट्रात कोणताही आकड्यांचा खेळ फार वेळ इतिहासापासून दूर राहत नाही. काकांनी १६७४ मांडलं, आणि त्यांच्या हातातलं पेन थांबलं. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाचं साल, आणि आकडे थेट ६१७४ चेच. एका पायरीत मुक्काम. मग त्यांनी जन्मसाल मांडलं, १६३०. ६३१० उणे ०१३६. उत्तर ६१७४. पुन्हा एकच पायरी! ९९९० संख्यांमध्ये एका पायरीच्या फक्त ३८३, शंभरात चारही नाहीत, आणि त्यात ही दोन्ही सालं. खोटं कशाला सांगू, माझ्याही अंगावर काटा आला. कारण माहीत असलं म्हणून काटा यायचा थांबत नाही. तो वेगळ्या खात्याचा आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी हा मजकूर गुड मॉर्निंगच्या गुलाबावर छापून आम्हाला तीन वेगवेगळ्या ग्रुपांवर आला. दुपारपर्यंत त्याला ‘नासाही थक्क’ हे शेपूट फुटलं. संध्याकाळी एकाने १६२७ आणि १६३० हा जन्मसालाचा जुना वादही निकालात काढला: १६२७ ला चार पायऱ्या लागतात, १६३० ला एक, सबब १६३०. ज्या प्रश्नासाठी अभ्यासकांनी जेधे शकावलीसारखी साधनं डोळ्यांत तेल घालून तपासली, पत्रिका ताडून पाहिल्या, तो एका वजाबाकीत मिटला होता. तपासणारे उगाच डोळे फोडत बसले, असा सूरही लागला.

मी फक्त एवढंच विचारलं की, त्या काळी रायगडावर कोणी १६७४ असं लिहीत होतं का? तिथे शक चालायचा. जन्माचा शक १५५१ आणि राज्याभिषेकाचा १५९६. काकांनी नाइलाजाने वही उघडली. १५५१: ४३५६, ३०८७, ८३५२, ६१७४. चार पायऱ्या. १५९६: ८०८२, ८५३२, ६१७४. तीन. एका पायरीचा मेळ काही जुळेना. काका हिरमुसले, पण बँकेत पस्तीस-चाळीस वर्षं काढलेला माणूस ताळेबंद न जुळता घरी जात नाही. ‘महाराजांनी राज्याभिषेक शक सुरू केला,’ ते म्हणाले. ‘त्याचं पहिलं वर्ष, म्हणजे ०००१.’ आणि त्यांनी मांडलं. ०९९९, ८९९१, ८०८२, ८५३२, ६१७४. पाच पायऱ्या. मूळ! काकांनी माझ्याकडे विजयी नजरेने पाहिलं. मी हात जोडले. महाराजांचं मोठेपण चार आकड्यांच्या वजाबाकीवर उभं नाही, हे सांगायला गेलो असतो, तर ‘मग कशावर?’ असं त्यांनी विचारलं नसतं. त्यांना माहीत आहे. पण माहीत असलेलं फॉरवर्ड होत नाही.

हा नाद आपल्याकडेच आहे असं समजून कोणी मान खाली घालायचं कारण नाही. परदेशात याहून जालीम प्रकार आहे. जर्मन गणिती लोथार कोलाट्झ यांच्या नावाने तो ओळखला जातो. नियम पहिलीतल्या मुलालाही कळेल असा. संख्या सम असेल तर निम्मी करा. विषम असेल तर तिप्पट करून एक मिळवा. पुन्हा तेच. दावा असा, की कोणत्याही संख्येपासून निघा, शेवटी १ वरच याल. ३ घ्या: १०, ५, १६, ८, ४, २, १. सात पायऱ्या. ५ ला पाच पायऱ्या. २७ मात्र बेटं नाठाळ. ते चढत चढत ९२३२ पर्यंत जातं, खाली येतं, पुन्हा चढतं आणि १११ पायऱ्या झिजवून १ वर येतं. शेजारच्या २८ ला अठराच लागतात.

हा दावा खरा आहे का, ते आजवर कोणाला सिद्ध करता आलेलं नाही. २०२० पर्यंत संगणकांनी २ च्या ६८ व्या घातापर्यंतची प्रत्येक संख्या चालवून पाहिली, म्हणजे साधारण २९५ वर १८ शून्यं, आणि सगळ्या निमूट १ वर आल्या. तरी गणिती मंडळी मान हलवतात. त्यांच्या जगात एवढे साक्षीदार आले तरी खटला सुटत नाही. गणिती पॉल एर्डिश यांनी याच्या उत्तराला ५०० डॉलरचं बक्षीस लावलं होतं, आणि गणित अजून अशा प्रश्नांना सामोरं जाण्याइतकं तयार झालेलं नाही, अशा अर्थाचं त्यांचं मत प्रसिद्ध आहे. काकुतानी नावाच्या गणितज्ञाने १९६० च्या सुमाराला हा प्रश्न येल विद्यापीठात नेला. महिनाभर सगळे त्याच्याच मागे, निष्पन्न शून्य. शिकागोतही तेच. शेवटी, अमेरिकेतलं गणित संशोधन खोळंबवण्यासाठी कोणीतरी रचलेला हा कट आहे, असा विनोद रूढ झाला. काकूंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी दुधाची वही दाखवून विचारलं, ‘अमेरिकेचंच का?’

काकांनी या कोलाट्झच्या खेळात मूळ संख्या घुसवल्या नसत्या तरच नवल. १०० पर्यंतच्या पंचवीस मूळ संख्या त्यांनी एकेक करून चालवल्या, आणि कोणाच्या पायऱ्याही मूळ आहेत ते पाहिलं. सहा सापडल्या: ३ ला ७ पायऱ्या, ५ ला ५, ४१ ला १०९, ४३ ला २९, ५३ ला ११ आणि ६१ ला १९. पंचवीसांत सहा. इथे बहुमत नव्हतं, त्यामुळे काकांनी धोरण बदललं. आता या सहा संख्या ‘निवडक’ झाल्या. दोन तृतीयांश मिळाले तर निसर्गाचा नियम, चतुर्थांशही नाही मिळाले तर निसर्गाची निवड. दोन्हीकडून काका पासच.

या निवडकांपैकी दोघींची मात्र मी फोड केली. ५३ ला अकरा पायऱ्या आहेत हे खरं. पण ५२ लाही अकराच आहेत, आणि ५२ ला कोणी मूळ म्हणणार नाही. तिला २, ४, १३, २६ कोणीही भागतं. ६१ ला एकोणीस, तर ६० लाही एकोणीस. हा योगायोग नाही. आठाने भागल्यावर चार उरतील अशी कोणतीही संख्या आणि तिची पुढची संख्या घ्या. अगदी सुरुवातीच्या ४ आणि ५ सोडल्या, तर दोघींना नेहमी सारख्याच पायऱ्या लागतात. १२ चालली: ६, ३, १०. १३ चालली: ४०, २०, १०. तिसऱ्या पायरीवर दोघी १० वर भेटतात आणि तिथून हातात हात घालून उतरतात. २८ आणि २९ तिसऱ्या पायरीवर २२ ला भेटतात. हे कायमचं आहे, लाखातही आणि कोटीतही, आणि वहीच्या अर्ध्या पानात सिद्ध होतं. म्हणजे मूळ असलेली १३ आणि वाटेल त्याने भागलेली १२ एकाच वेळी घरी पोचतात. रस्त्याला या बाईंची जात ठाऊकच नाही.

‘मग?’ काका म्हणाले.

‘मग हा खरा नमुना आहे, काका. याला कारण आहे.’

‘कारण कळलं ना? मग त्यात बघायचं काय?’

या एका वाक्यात सगळा मामला आहे. कारण सापडलं की नमुना नोकरीला लागलेल्या मुलाप्रमाणे घरच्यांच्या कौतुकातून उतरतो. कारण सापडत नाही तोवर त्यात दैव असतं, संकेत असतो, निदान एखादा फॉरवर्ड तरी असतो.

रिचर्ड गाय नावाच्या गणितज्ञाने १९८८ मध्ये एका लेखात यावर चांगलं बोट ठेवलं. त्याने लहान संख्यांचा एक नियमच सांगितला, अर्धा गमतीत आणि पूर्ण गंभीरपणे: आपण त्यांच्याकडून जेवढी कामं करून घेऊ पाहतो त्या मानाने लहान संख्या फार थोड्या आहेत. ऋषी सात, सूर सात, वार सात, कापरेकरांच्या पायऱ्या जास्तीत जास्त सात. सात बिचारी एकच, तिने किती ठिकाणी हजेरी लावायची? ती सगळीकडे दिसते, आणि आपण म्हणतो, बघा, काहीतरी संबंध आहे. ६१७४ च्या आकड्यांची बेरीज १८, ६१७४ ला १८ ने भागलं तर ३४३, आणि ३४३ म्हणजे सातचा घन. हे मी काकांना अजून सांगितलेलं नाही. काकूंची मला दया येते.

यात कापरेकरांना दोष नाही, उलट धडा त्यांच्याकडूनच घ्यावा. त्यांनी आणखी एक खेळ काढला होता: संख्येत तिचेच आकडे मिळवायचे. २१ मध्ये २ आणि १ मिळवले की २४ येते. मग २४ ची जन्मदाती २१. काही संख्यांना अशी जन्मदातीच नसते. त्या स्वयंभू: १, ३, ५, ७, ९, मग २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६, ९७. पहिल्या पाच पाहून वाटतं, विषम संख्या सगळ्याच स्वयंभू असाव्यात; पुढची येते २०. मग अकरा-अकराची उडी दिसते आणि आपण निर्धास्त होतो. ९७ नंतर १०८ येते, तीही अकराच्या उडीने, आणि जपमाळ ओढणाऱ्यांना भरून येतं. पुढची ११९ हवी. येते ११०. आकड्यांनी इतकी वाट लावून दिल्यावर असा दगा द्यावा याचं वाईट वाटतं, पण दगा आकड्यांनी दिलेला नसतो. त्यांनी आपल्याला कसलंच वचन दिलं नव्हतं. कापरेकर ११० वरही तितक्याच आनंदाने थांबले असणार, कारण त्यांना आकडा काय करतो ते पाहायचं होतं. आपल्याला तो आपलं ऐकतो का ते पाहायचं असतं.

कोणतीही चार आकडी संख्या सात पायऱ्यांत ६१७४ ला पोचते, हे वाक्य कसलाही आडपडदा न ठेवता खरं आहे. ते तुमच्या राशीवर, जातीवर, पक्षावर अवलंबून नाही, अपवाद दहाच आणि तेही नावानिशी माहीत. एवढं पक्कं वाक्य दिवसात क्वचित कानावर येतं. म्हणूनच बहुधा ते कोणी कोणाला पाठवत नाही.

आता हे वाचून झालं की तुम्ही तुमचं जन्मसाल मांडणार, हे मी गृहीत धरतो. चार आकड्यांपुढे भल्याभल्यांचा तोल जातो. २, ३, ५ किंवा ७ पायऱ्या आल्या तर अभिनंदन. शंभरातल्या सदुसष्ट संख्यांचंही मी असंच अभिनंदन केलं असतं. १, ४ किंवा ६ आल्या तर खचून जाऊ नका. शक घालून पाहा. नाही जमलं तर विक्रम संवत आहे. तेही नाही तर मोबाइलचे शेवटचे चार आकडे आहेत, गाडीचा नंबर आहे, लग्नाचं साल आहे. आणि तिथेही डाळ शिजली नाही तर बायकोचं जन्मसाल तरी कुठे पळून गेलंय? एकूण पायऱ्या सातच, त्यात मूळ चार. पुरेसा वेळ मोजत राहिलात तर तुमच्या आयुष्यात मूळ संख्या निघाल्याशिवाय राहायची नाही. फक्त दुधाचा हिशेब दुसऱ्या वहीत ठेवा.